केर पेटेना

नाकाला रुमाल लागला की समजायचं, औरंगाबाद आलं. २०१८ चा फेब्रुवारी संपत आला होता आणि शहराचं नाव अजून बदललं नव्हतं. आमच्या पाचोडहून बीड रोडने शहर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. आडूळ मागे पडतं, झाल्टा फाटा येतो, एसटी शहराकडे वळते. त्या दिवसांत तिथून पुढे रस्त्याच्या कडेला, दुभाजकाला टेकून, बंद शटरच्या पायऱ्यांपाशी पिशव्यांचे ढीगच्या ढीग लागलेले असायचे. काही ढीग धुमसत असत. रात्री कुणीतरी वैतागून काडी लावून जायचं. सकाळी बघावं तर वरवरच्या पिशव्या तेवढ्या आक्रसून काळ्या पडलेल्या आणि आतला ऐवज जसाच्या तसा, ओला, लगदा झालेला. ज्योत कुठेच नाही, धूर मात्र भरपूर.

माझ्या शेजारच्या सीटवर मोसंबीच्या अडतीवर हिशेब लिहिणारा एक ओळखीचा गृहस्थ होता. खिडकीची काच ओढून घेत तो म्हणाला, ‘‘तिकडं फॉरेनला कचरा जाळून लाईट काढत्यात म्हणं. आपल्याला काय धाड भरलीय?’’

त्याचा प्रश्न गाडीतल्या निम्म्या माणसांच्या मनातला होता. ज्या गावाने वर्षानुवर्षं रात्री दोनला उठून मोटार चालू केली, बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं, त्या गावच्या माणसाला शहराचा कचरा म्हणजे फुकट वाया चाललेली लाईट वाटली तर नवल काय? त्याला मी त्या वेळी काही उत्तर दिलं नाही. उत्तर शोधायला गेलो तर ते सव्वाशे वर्षं मागे निघालं.

*

आधी नारेगाव. शहराच्या ईशान्येला, चिकलठाण्याच्या अंगाला असलेल्या या गावाजवळ महापालिकेचा कचरा डेपो तीन दशकांहून जास्त काळ चालला. रोज चारेकशे टन कचरा तिथे जाई. ‘डेपो’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. एसटीच्या डेपोतून गाड्या निघतात तरी, कचऱ्याच्या डेपोत गेलेलं काहीच बाहेर येत नाही. येतो तो धूर, माशा आणि पावसाळ्यात झिरपणारं काळं पाणी. नारेगाव, मांडकी, गोपाळपूर आणि आसपासच्या गावांनी हे भोगलं. २०१७ च्या दिवाळीच्या तोंडावर त्यांनी एकदा गाड्या अडवल्या. काही महिन्यांत सोय करतो, असा शब्द महापालिकेने दिला आणि गावांनी वाट सोडली. मुदत संपली, सोय झाली नव्हती. १६ फेब्रुवारी २०१८ ला गावकरी पुन्हा रस्त्यावर बसले आणि या वेळी उठले नाहीत. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही नारेगावला कचरा टाकायला मनाई केली. वर्तमानपत्रांनी या प्रकरणाला ‘कचराकोंडी’ हे नाव दिलं आणि शब्द असा चपखल की तो तिथेच रुजला.

शहराचा केर शहराच्या अंगणात आला, एवढाच त्याचा अर्थ. असं पहिल्यांदा घडत होतं, अशातला भाग नाही.

१८९२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग बंदरात पटकीची साथ आली. आठ हजारांहून जास्त माणसं मेली. त्या आधी हॅम्बुर्गचा केर आसपासच्या गावांत जात असे, शेतकरी खत म्हणून तो घेत. पटकीनंतर त्यांनी साफ सांगितलं, तुमचा केर तुमच्यापाशी. शहर अडलं आणि अडलेल्या शहराने इंग्लंडकडे पाहिलं. इंग्रज तेव्हा केर जाळत होते. १८७४ साली नॉटिंगहॅममध्ये त्यांनी पहिली भट्टी उभी केली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं ‘डिस्ट्रक्टर’, म्हणजे विध्वंसक. हॅम्बुर्गने तीच पद्धत उचलली आणि काही वर्षांत शहराचा केर भट्टीत जाऊ लागला. औरंगाबादेत जे २०१८ ला झालं त्याचा पहिला अंक हॅम्बुर्गच्या वेशीवर होऊन गेला होता. शेतकऱ्याने नाही म्हटल्याशिवाय शहर आपल्या केराकडे बघत नाही, हे तेव्हापासूनचं.

*

आता साल १८९७ घ्या. या एका सालाभोवती ही सगळी गोष्ट फिरते.

लंडनच्या शोरडिच भागात त्या वर्षीच्या २८ जूनला एका वीजघराचं उद्घाटन झालं. उद्घाटक होते लॉर्ड केल्विन, तापमानाच्या एककाला ज्यांचं नाव आहे ते. या वीजघरात परिसरातला केर जाळायचा, त्या आगीवर बॉयलर तापवायचे, वाफेवर जनित्रं फिरवायची आणि रस्त्यावरचे दिवे लावायचे. उरलेल्या उष्णतेवर शेजारच्या सार्वजनिक न्हाणीघराचं पाणी गरम करायचं. इमारतीच्या दर्शनी भागावर लॅटिनमध्ये ब्रीद कोरलं, त्याचा मराठीत अर्थ ‘धुळीतून उजेड आणि बळ’. ती इमारत अजून उभी आहे. आता तिथे सर्कशीच्या कसरती शिकवतात.

ब्रीदातला ‘धूळ’ हा शब्द नीट धरून ठेवावा लागतो, कारण सगळी ग्यानबाची मेख तिथे आहे. लंडनच्या घरोघरी तेव्हा शेगड्यांत दगडी कोळसा जळायचा आणि घराचा केर म्हणजे मुख्यतः त्या शेगडीतली राख, तिच्यात मिसळलेले अर्धवट जळालेले कोळशाचे खडे. ‘डस्टमन’ ती धूळ न्यायला यायचा. शोरडिचच्या भट्टीत गेला तो केर मुळात अर्धा इंधनच होता. लंडनकरांनी कचऱ्यातून वीज काढली असं आपण म्हणतो. खरं तर त्यांनी एकदा जळालेला कोळसा दुसऱ्यांदा जाळला.

त्याच जूनमध्ये आपल्याकडे काय चाललं होतं? आदल्या वर्षी मुंबईत प्लेग शिरला होता. पुण्यात प्लेगच्या नावाखाली गोरे सोजीर घरांत घुसत, सामान बाहेर काढत, होळी करत. शोरडिचच्या उद्घाटनाच्या बरोबर सहा दिवस आधी, २२ जूनच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. तिकडे केर जाळून दिवे लागत होते आणि इकडे घरादारातल्या वस्तू केर म्हणून जाळल्या जात होत्या. आमचं पाचोड तेव्हा निजामाच्या मुलखात. तिथे ना लंडनची बातमी पोचली असेल ना वीज.

पण १८९७ सालीच मुंबईत आणखी एक गोष्ट घडत होती आणि तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. माटुंग्याला निराधार महारोग्यांचा आश्रम होता. पुढे त्याचं अॅकवर्थ रुग्णालय झालं. या आश्रमातलं सांडपाणी आणि मैला एका बंदिस्त टाकीत सोडलेला होता. टाकीत तो कुजायचा आणि कुजताना वायू सुटायचा. मुंबई महापालिकेच्या मलनिःसारण खात्याचे अभियंता सी. सी. जेम्स यांच्या काळातलं हे काम. तो वायू गोळा करून त्यावर आश्रमातले दिवे लावले गेले आणि १९०७ च्या सुमाराला त्याच वायूवर इंजिनही चालवलं गेलं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या अशा प्रयोगांत त्याची गणना होते.

लंडनने कोरडं जाळलं, मुंबईने ओलं कुजवलं, आणि दोघांनीही उजेड काढला. एकाच सालात. पुढच्या शंभर वर्षांत आपण माटुंगा विसरलो आणि शोरडिचच्या मागे धावलो, असं माझं मत आहे. आणि ते काही रागाच्या भरात बनवलेलं नाही.

*

हे ओल्या-कोरड्याचं प्रकरण कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही. श्रावणात चूल पेटवलेली कुठलीही बाई ते सांगेल.

आमच्या जुन्या घरात सैपाकघराच्या मागच्या पडवीत पऱ्हाट्या रचलेल्या असत. कापसाच्या वाळल्या काड्या, उन्हाळ्यात उपटून बांधून ठेवलेल्या. झड लागली की पडवीच्या तोंडाकडच्या पऱ्हाट्या भिजत. आईला आतल्या काढायचा कंटाळा आला की ती भिजलेलीच एक चुलीत सरकवायची. पहिल्यांदा नुसता चर्र असा आवाज येई. मग काडीच्या बाहेरच्या टोकाला, चुलीच्या तोंडाशी, बारीक बुडबुडे येत. फेस येई, पाण्याचा थेंब तयार होऊन खाली पडे. तेवढा वेळ भाकरी तव्यावर नुसती वाळत बसे. आई फुंकणीने फुंकायची, डोळे लाल, पदराने नाक पुसत. सगळं पाणी त्या टोकातून निघून गेल्यावर मग कुठे एकदम भडका व्हायचा. म्हणजे लाकडाने आपल्या जळण्यातला मोठा हिस्सा स्वतःला वाळवण्यातच घालवलेला असायचा.

आकड्यात सांगायचं तर किलोभर पाण्याची वाफ करायला साधारण ६०० किलोकॅलरी उष्णता लागते. आपल्या घरच्या कचऱ्यात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणी असतं. भाज्यांची देठं, कलिंगडाची सालं, शिळा भात, चहाचा चोथा, वर झाडलोटीची माती. या सगळ्याला भट्टीत घातलं की ते आईच्या पऱ्हाटीसारखं आधी स्वतःला वाळवत बसतं.

हा धडा इतरांनीही चांगला महागात घेतला. बर्लिनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजी पद्धतीच्या भट्ट्यांची चाचणी घेतली आणि तिथला केर काही धड जळेना. बर्लिनकर लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या विटा जाळत. त्यांची राख निव्वळ राख असे, तिच्यात लंडनसारखे कोळशाचे खडे उरत नसत. अमेरिकेने तर १८८५ ते १९०८ या काळात अशा १८० भट्ट्या बांधल्या आणि १९०९ उजाडेपर्यंत त्यातल्या १०२ टाकूनही दिल्या. भट्टी तीच, आग तीच. टोपलीत काय आहे ते कुणी आधी पाहिलं नव्हतं.

*

आपण तरी कुठे पाहिलं? दिल्लीतल्या तिमारपूरला १९८७ साली कचऱ्यापासून वीज बनवणारं केंद्र उभं राहिलं. यंत्रसामग्री डेन्मार्कची. डेन्मार्क म्हणजे या धंद्यातलं मातब्बर घराणं. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये १९०३ पासून केर जाळून इस्पितळाला उष्णता आणि वीज पुरवत होते. तिमारपूरला रोज ३०० टन कचरा जाळायचा आणि पावणेचार मेगावॉट वीज काढायची असा बेत होता. यंत्राची अट एवढीच की किलोमागे निदान १,४६२ किलोकॅलरी देणारा कचरा हवा. दिल्लीचा कचरा भरत होता ६०० ते ७००.

केंद्र २१ दिवस चाललं.

एकवीस दिवस. मंगळागौर, हळदीकुंकू, एकादशी, सत्यनारायण असल्या कशाचंही उद्यापन याहून जास्त सावकाशीने होतं. कोट्यवधींचा खर्च झाला, महालेखापालांनी ताशेरे ओढले आणि ‘कचऱ्यापासून वीज’ या शब्दांना देशात पुढे कित्येक वर्षं तिमारपूरचा वास येत राहिला.

मला यात डेन्मार्कच्या यंत्राची चूक दिसत नाही. ते यंत्र डॅनिश माणसाच्या कचऱ्यासाठी बनलं होतं. डॅनिश माणूस कागद, खोकी, लाकूड, चिंध्या फेकतो. आपल्याकडे या वस्तू टोपलीपर्यंत पोचतच नाहीत. रद्दी किलोवर जाते. बाटली, पत्रा, तुटकी बादली भंगारवाल्याकडे जाते आणि बदल्यात लसूण किंवा कांदे मिळतात. जुनी साडी बोहारणीच्या पाटीत जाते. तरी काही उरलंच तर कचरावेचक बाया पहाटे ते वेचून नेतात. पुण्यात १९९३ साली या बायांची संघटना उभी राहिली, तिचं नाव आहे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. ते नाव म्हणजे आपल्या टोपलीतून काय काय आधीच निघून जातं त्याची यादीच आहे. जळण्याजोगं सगळं या बायांच्या पोटाला लागतं. मागे उरतं ते ओलं, मातीत मिसळलेलं, वास मारणारं. तिमारपूरच्या भट्टीला आपण ते वाढलं आणि ती जेवली नाही म्हणून तिला नावं ठेवली.

या विषयावरचा वाद शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. अल्मित्रा पटेल यांनी शहरांच्या घनकचऱ्याबद्दल १९९६ साली याचिका केली होती, तिच्यातूनच पुढे २००० सालचे घनकचऱ्याचे नियम आले. त्याच प्रकरणात २००५ साली न्यायालयाने केंद्राला सांगितलं की अशा वीजप्रकल्पांना नवं अनुदान देणं थांबवा, आधी तज्ज्ञांकडून तपासून घ्या. दोन वर्षांनी परवानगी मिळाली ती मोजक्या पथदर्शी प्रकल्पांना.

माटुंग्याची, कुजवून वायू काढण्याची वाट मात्र महाराष्ट्रात बंद पडलेली नव्हतीच. कणकवलीच्या गोपुरीत अप्पा पटवर्धनांनी संडास आणि गोबरगॅस यांची सांगड घातली होती. देहूत डॉ. मापुसकरांनी आयुष्यभर तेच काम केलं, त्यांना पद्मश्री मिळाली ती मरणोत्तर, २०१७ साली. पुण्यात आनंद कर्व्यांच्या संस्थेने खरकट्यावर चालणारं घरगुती वायुसंयंत्र बनवलं. पण ही सगळी माणसं मैल्यात आणि खरकट्यात हात घालणारी. मंत्र्याने कात्रीने फीत कापावी असं त्यांच्या कामात काही नसतं. भट्टीला उंच धुराडं असतं, कंट्रोल रूम असते, मेगावॉटचा आकडा असतो.

*

२०१८ च्या मार्चकडे परत येतो. नारेगाव बंद झाल्यावर महापालिका जागा शोधत फिरू लागली. जिथे गाडी वळेल तिथलं गाव रस्त्यावर यायचं. ७ मार्चला पोलीस बंदोबस्तात गाड्या मिटमिट्याकडे निघाल्या. मिटमिटा शहराच्या दुसऱ्या टोकाला, पडेगावच्या पुढे, दौलताबादच्या वाटेवर. तिथे दगडफेक झाली, लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. लोकांनी कचऱ्याच्या गाड्या पेटवल्या.

अडतीवरच्या आमच्या माणसाला मी नंतर म्हटलं, बघा, कचरा काही पेटला नाही, कचऱ्याच्या गाड्या पेटल्या. तो हसला नाही. त्याची मावसबहीण मिटमिट्यात दिलेली होती.

पोलिसांनी घरांत शिरून मारहाण केल्याच्या तक्रारी झाल्या, कॅमेऱ्यांतलं चित्रण बाहेर आलं, विधिमंडळात गदारोळ झाला. पोलीस आयुक्त यशस्वी यादव यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं गेलं, महापालिका आयुक्त डी. एम. मुगळीकर यांची बदली झाली. केरापायी एका शहराचे दोन आयुक्त एकाच महिन्यात खुर्चीवरून गेले, असा प्रसंग महाराष्ट्राच्या इतिहासात दुसरा मला आठवत नाही.

सरकारने पंचसूत्री दिली, वॉर्डावॉर्डांत खतासाठी खड्डे झाले, ओला-सुका वेगळा करा म्हणून घंटागाड्या कोकलू लागल्या. पुढच्या वर्षांत चिकलठाणा, पडेगाव आणि हर्सूल इथे दीडदीडशे टनांची प्रक्रिया केंद्रं उभी राहिली आणि पैठण रस्त्यावर कांचनवाडीला ३० टन ओल्या कचऱ्यापासून वायू बनवणारं केंद्र आलं. चारशे-साडेचारशे टनांच्या शहरात ३० टन म्हणजे दर्यामे खसखस. तरी मला कांचनवाडीचं कौतुक वाटतं. एवढ्या मारामारीनंतर शहर शेवटी जिथे पोचलं ते ठिकाण माटुंग्याच्या टाकीपासून फार लांब नव्हतं.

*

मग फॉरेनसारखी लाईट आपल्याकडे निघालीच नाही का? निघाली. पण त्यासाठी टोपली बदलावी लागली.

गेल्या तीसेक वर्षांत आपल्या केरात कोरडं वाढलं. पण हे कोरडं भंगारवालाही घेत नाही. शाम्पूच्या पुड्या, वेफरची पाकिटं, चिकट कॅरीबॅगा, थर्मोकोल, डायपर, फाटकी चप्पल. याला किंमत नाही, पण उष्णता भरपूर आहे, कारण प्लास्टिक म्हणजे शेवटी गोठलेलं खनिज तेल. २०१६ च्या नियमांनी तर सांगूनच टाकलं की पुन्हा वापरता न येणारा आणि किलोमागे १,५०० किलोकॅलरी किंवा त्याहून जास्त उष्णता असलेला कचरा जमिनीत पुरायचा नाही, त्यातून ऊर्जाच काढायची.

पुण्याजवळ हडपसरला ७०० टनांतून वीज काढण्याचा घाट त्याआधी घातला गेला होता. कागदावरची वीज जागेवर कधी पूर्ण उतरली नाही. मुंबईत देवनारची कहाणी तर स्वतंत्र ग्रंथाची. १९२७ पासून तिथे मुंबई आपला केर ओतते आहे. त्याच्याही आधी कचऱ्याची रेल्वे चेंबूरकडे जायची, आज त्या मार्गावर हार्बरच्या लोकल धावतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला तेव्हा धूर उपग्रहांतून दिसला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तिथे ६०० टनांच्या वीजप्रकल्पाचं काम देण्यात आलं ते २०२० साली.

पहिला मान मिळाला पिंपरी-चिंचवडच्या मोशीला. १ ऑगस्ट २०२३ ला पंतप्रधान लोकमान्य टिळक पुरस्कारासाठी पुण्यात आले होते, त्याच दौऱ्यात त्यांनी मोशीच्या केंद्राचं उद्घाटन केलं. खर्च सुमारे ३०० कोटी, वर्षाला अडीच लाख टन कचरा, क्षमता १४ मेगावॉट. गाडीतला सगळा केर तसाच भट्टीत जात नाही. आधी चाळला जातो, ओलं बाजूला काढून खताकडे, उरलेलं वाळवून इंधन म्हणून. मग शेगडीवर सरकत सरकत तो जळतो. जळताना तापमान ८५० अंशांच्या वर राहायला हवं, धुराला त्या आगीत निदान दोन सेकंद काढावे लागतात, नाहीतर डायॉक्सिनसारखी विषं शिल्लक राहतात. पुढे चुना, कोळशाची पूड, कापडी गाळण्या. मागे उरते ती राख, आणि गाळणीत सापडलेली बारीक राख साधीसुधी नसते, ती जपूनच पुरावी लागते. दिल्लीत ओखल्याला २०१२ पासून असं केंद्र चालू आहे आणि शेजारच्या वस्त्यांनी धूर आणि राखेवरून त्याच्याशी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी केली आहे. म्हणजे नारेगावचं भांडण केंद्राला धुराडं लावल्याने मिटत नाही. ते हवेतून चालू राहतं.

मोशीच्या आकड्यांना थोडं घरगुती करून पाहतो. वर्षाला अडीच लाख म्हणजे दिवसाला सातेकशे टन. १४ मेगावॉट यंत्र पूर्ण ताकदीने चोवीस तास चाललं तर दिवसाला ३ लाख ३६ हजार युनिट. टनामागे पाचशेच्या आतच. ही वीज महापालिकेचे पाण्याचे पंप चालवायला उपयोगी पडते आणि तेवढ्यासाठी ती चांगलीच आहे. पण परळीच्या औष्णिक केंद्रातला एकेक नवा संच २५० मेगावॉटचा. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळी बंद पडलं, तेव्हा मराठवाड्याने पाहिलं की वीज बनवायला कोळशाइतकंच पाणीही लागतं. कचऱ्याच्या वाफेलाही ते चुकत नाही.

आणि खरं सांगायचं तर टाकाऊतून वीज काढण्याचं जे काम महाराष्ट्राने खणखणीत करून दाखवलं ते साखर कारखान्यांत. उसाचा रस काढल्यावर उरणारी चिपाडं, कारखान्याच्या भाषेत बगॅस. त्यातही निम्मं पाणीच असतं, तरी बॉयलर धडाधडा पेटतो. कारण चिपाड सगळं एका जातीचं, रोज तेवढंच ओलं, माती नाही, चप्पल नाही, नारळाची करवंटी नाही. बॉयलर त्याच्याच मापाने शिवलेला. घरच्या केराचं असं माप घेताच येत नाही. दिवाळीत तो वेगळा, गणपतीत वेगळा, आंब्याच्या दिवसांत तर फक्त कोया.

*

अडतीवरच्या माणसाला शेवटी मी आमच्याच गावाचा हिशेब करून दाखवला. दहा हजार वस्तीचं गाव धरा. माणशी पाव किलो केर धरला तरी दिवसाचा अडीच टन. तो मोशीच्या दराने जाळला तर हजार-बाराशे युनिट, म्हणजे शिवारातल्या काही डझन मोटारी काही तास. पण त्या अडीच टनांत दीड-पावणेदोन टन तर ओलंच निघणार. आठवडी बाजार उठल्यावर मैदानात काय पडलेलं असतं ते त्याने पाहिलेलंच आहे. मेथीच्या जुड्यांची मुळं, सडके टोमॅटो, कोबीची पानं, दबून फुटलेली मोसंबी. शेळ्या आणि मोकाट जनावरं अर्ध्या रात्रीत ते साफ करतात. तो म्हणाला, ‘‘मंग जाळायला उरलं काय?’’

उरलं ते मी गेल्या उन्हाळ्यात पाहिलं. मृग बहारासाठी मोसंबीला ताण दिला होता, पानं मलूल झाली होती. वर्षभराचा उकिरडा उपसून शेणखत गाडीने शेतात आणलं आणि आळ्यांतून टाकायला बाया लावल्या. खत काळंभोर होतं, भुसभुशीत, हातात घेतलं तर वास नाही. पण प्रत्येक पाटीमागे हात थांबत होते. खतातून कॅरीबॅगा निघत होत्या, गुटख्याच्या पुड्या, सलाइनची नळी, दुधाच्या पिशव्यांचे कोपरे. शेण, पालापाचोळा, भाकरतुकडा, राख, सगळं मातीसारखं झालं होतं, एवढंच तेवढं जसंच्या तसं, छापील अक्षरंही वाचता येतील असं. बाया ते वेचून बांधावर टाकत होत्या. दुपारपर्यंत गुडघाभर ढीग झाला.

जेवणं झाल्यावर त्यातल्या एकीने काडी लावली. फुंकावंसुद्धा लागलं नाही. भुर्रकन पेटलं ते, हिरवट-निळी ज्योत निघाली, वितळलेले थेंब आवाज करत खाली पडू लागले आणि काळा धूर सरळ उठून मोसंबीच्या शेंड्यांवरून बीड रोडकडे गेला.